मधला अर्धा तास

बसस्टॉपवर उभी असताना हात गळ्याशी गेला आणि कळलं, कार्ड घरी राहिलं. कार्डाशिवाय आमच्या प्रयोगशाळेचं दार उघडत नाही, आणि दारावरचा पहारेकरी मला रोज पाहत असला तरी ओळखत नाही. न ओळखण्याचाच त्याला पगार आहे. मी परत फिरले, जिने चढले, किल्ली फिरवली आणि आत पाहिलं तर बाबांची खुर्ची रिकामी. न्हाणीघराचं दार सताड उघडं, आत कोणी नाही. ओट्यावर त्यांचा कप धुऊन पालथा घातलेला. पलंगाची चादर मी ओढून गेले होते तशीच. खुर्चीच्या गादीवर हात ठेवला. ती गार म्हणावी तर गार नव्हती आणि गरम म्हणावी तर गरमही नव्हती. "बाबा," मी हाक मारली, पण अशा आवाजात, की ते ऐकून ओ देतील यावर माझाच विश्वास नसावा. पहिल्यांदा जे वाटलं ती भीती नव्हती, हे मला दिवसभर खटकत राहिलं. पहिल्यांदा वाटलं ते हे, की मी घरात एक माणूस ठेवून गेले होते आणि आता शिल्लक शून्य दाखवतेय, म्हणजे कुठेतरी नोंद चुकली आहे. भीती नंतर आली, आणि ती आल्यावर मी कार्ड तिथेच टाकून दाराकडे धावले.

बाबांचा डावा पाय अधू झाल्यापासून आमच्या घरची व्यवस्था अशी आहे, की संध्याकाळपासून सकाळपर्यंत बाबांकडे मी आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत धाकटा. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतो. त्याचा धंदा एका पेटीत मावतो आणि बाबांच्या जेवणाच्या टेबलावर मांडता येतो. बाबा म्हणतात, "घरात माणसं दोन आणि दात बत्तीसाच्या पटीत." मी आणि धाकटा एकमेकांशी बोलत नाही. आईच्या आजारपणात मी म्हटलं शस्त्रक्रिया करू, तो म्हणाला घरी नेऊ. मी थोरली, शिवाय डॉक्टरांच्या भाषेत त्यांच्याशी वाद घालू शकणारी; तेव्हा शस्त्रक्रिया झाली, आणि आई घरी आली नाही. त्या दिवशी परत येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "आलं का गणित बरोबर?" मी उत्तर दिलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. ते उत्तर माझ्या नावावर येणं म्हणून पडून आहे, की त्याच्या नावावर, हे मी बऱ्याचदा मांडून पाहिलं आहे. दर वेळी बेरीज वेगळी येते.

मधला अर्धा तास ही भावजयीची कल्पना. ती शाळेत वेळापत्रक लावते, त्यामुळे कोणत्या दोन माणसांना एका वर्गात एकाच वेळी पाठवायचं नाही हे तिला पटकन कळतं. "ताई, तुम्ही निघाल्यावर अर्ध्या तासानं हे येतील," ती फोनवर म्हणाली होती. "जिन्यात गाठ नको, स्टॉपवर नको. तुमचीही सकाळ खराब होणार नाही आणि यांचीही." मी म्हटलं, "आणि बाबा?" ती म्हणाली, "अर्धा तास तर आहे. खुर्चीत बसतील." सगळ्यांना पटलं. बाबांना कोणी विचारलं नव्हतं, पण तेही पटकन हो म्हणाले. खरं तर जरा जास्तच पटकन. बाबा आयुष्यभर वजनमापं तपासायचे. दुकानदाराच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं शिसं त्यांना बोटाला कळायचं. अशा माणसानं एखादी गोष्ट न तोलता मान्य केली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी त्या दिवसांत दुसऱ्याच एका अंतराच्या मागे लागले होते.

आमचा धंदा चार्जरच्या पोटातल्या बोर्डाचा. त्यात दोन स्विच असतात, एक वर आणि एक खाली, आणि त्यांच्या मधोमध एक बिंदू. वरचा स्विच चालू झाला की मधला बिंदू वरच्या तारेला जोडला जातो, खालचा चालू झाला की खालच्या तारेला. आळीपाळीनं, सेकंदाला लाखो वेळा. दोघं एकाच क्षणी चालू राहिले तर वरची तार थेट खालच्या तारेला भिडते, फट् असा आवाज येतो आणि उरलेला दिवस जळक्या वासात काढावा लागतो. म्हणून कंट्रोलर एकाला बंद करतो, किंचित थांबतो आणि मग दुसऱ्याला चालू करतो. त्या थांबण्याला डेड-टाइम म्हणतात. दोघंही बंद, कोणीच कामावर नाही. आमच्या साहेबांना हा वेळ बघवत नाही. कामाशिवाय कोणी बसलेलं त्यांना बघवत नाही, मग तो स्विच का असेना. त्यांनी ग्राहकाला पाव टक्का जास्त कार्यक्षमतेचा शब्द दिला आहे आणि तो पाव टक्का त्या थांबण्यातून काढायचा, असं त्यांनी माझ्यावर सोपवलं. तेव्हापासून आम्ही त्यांना पावटक्के म्हणतो. शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला होकायंत्र म्हणतो, कारण पावटक्के खोलीत जिथे उभे असतील तिकडे त्याचं तोंड आपोआप वळतं.

मी तो वेळ कमी करत आणला. थोडा कमी करायचा, बोर्ड चालवायचा, उष्णता मोजायची. पुन्हा थोडा कमी. पूर्ण भारावर बोर्ड छान थंड होत गेला आणि पावटक्के माझ्याशी हसून बोलायला लागले, ते मी जमेच्या बाजूला धरलं. मात्र हलक्या भारावर, म्हणजे बॅटरी जवळजवळ भरलेली असते आणि काम फारसं नसतं तेव्हा, तोच बोर्ड उलट तापत होता. मध्ये वाया जाणारा वेळ कमी केला आणि तो जास्त तापला. का, ते कळेना. दोन्ही स्विचना जाणारे इशारे मी स्कोपच्या, म्हणजे विजेची चढउतार रेघांनी दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिले. एक खाली उतरतोय, जरा अंतर, दुसरा वर चढतोय. टापटीप. कुठे भिडत नाही, कुठे घोळ नाही. होकायंत्र म्हणालं, "मॅडम, अजून कमी करून बघा." ते पावटक्क्यांचंच वाक्य होतं, फक्त यांच्या तोंडून आलेलं.

आणि साधारण याच सुमारास बाबांच्या नडगीवर काळंनिळं दिसलं. "टेबलाला लागलं," ते म्हणाले. भावजयीचा लगेच फोन. "ताई, अर्धा तास फार होतोय. तुम्ही जरा उशिरा निघत जा, हे जरा लवकर येतील. दहा-पंधरा मिनिटांवर आणू." मला ते इतकं सरळ वाटलं की मी विचारही केला नाही. कमी करणं मला येतं, त्याचाच मला पगार मिळतो. मी रोज थोडी उशिरा निघायला लागले. बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघायचे. "आज उशीर नाही होत तुला?" "नाही होत." "बस चुकेल." "दुसरी येते." ते घड्याळाकडे बघत, माझ्या चपलांकडे बघत, पुन्हा घड्याळाकडे. मला वाटायचं, एकटं राहायची भीती वाटते त्यांना, म्हणून असं बघतात. त्यांचं जेवण कमी झालं. धाकट्याच्या कवळ्यांवरचे विनोद बंद झाले. मग कोपर खरचटलेलं दिसलं. अंतर कमी केलं आणि खरचटणं वाढलं, हेही मला कळेना. पण दोन न कळणाऱ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात एवढंही सुचलं नाही. घरचं बोर्डाला आणि बोर्डाचं घराला लावायची खोड वाईट, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. आमच्या धंद्यात ती खोड पुष्कळांना लागते आणि मग ते लग्नसमारंभात असह्य होतात.

तर त्या सकाळी मी जिना उतरत होते आणि बाबा जिना चढत होते. मधल्या वळणावर गाठ पडली. एक हात कठड्यावर, एक हात भिंतीवर, काठी काखेत, डावा पाय मागून ओढत. तोंड उघडं, श्वास शिट्टीसारखा. पायांत बाहेरचे बूट, आणि ते इतके नीट पुसलेले, की बाबा रोज माझ्या पाठीमागे बूट पुसतात हे मला तेव्हाच समजलं. त्यांनी वर पाहिलं, मी दिसले, आणि त्यांचा कठड्यावरचा हात सुटला. मी धरलं. धरलं म्हणजे दोघंही भिंतीला टेकलो. क्षणभर त्यांचं सगळं वजन माझ्यावर होतं आणि ते फार कमी होतं.

"तू कशाला आलीस?" ते म्हणाले.

"कार्ड राहिलं. तुम्ही कुठे गेला होता?"

"खांबापर्यंत."

"कुठल्या खांबापर्यंत?"

"कोपऱ्यावरच्या. दिव्याच्या."

"कशाला?"

"परत यायला," बाबा म्हणाले, आणि मी त्यांचा दंड धरला होता तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. "आधी आरामात व्हायचं. जाता येता रस्त्यापलीकडून तो टपरीतला किल्लीवाला दोन शब्द बोलायचा. आता तू निघतच नाहीस लवकर. पळापळ होते माझी."

पळापळ हा शब्द त्यांनी त्या पायासंदर्भात वापरला आणि हसावं की काय करावं ते मला कळलं नाही. डॉक्टरांनी जिना एकट्यानं नाही, असं स्पष्ट सांगितलेलं. मी ते बोलून दाखवलं. "हो," बाबा म्हणाले, "सांगितलंय त्यांनी. मी होतो तिथे." वर जाईपर्यंत मी एक पायरी मागे राहिले, हात त्यांच्या पाठीपासून बोटभर अंतरावर. खुर्चीत बसल्यावर त्यांनी बूट काढून पलंगाखाली सारले, सपाता घातल्या, आणि अगदी रोजच्यासारखे दिसायला लागले. हेच मला जास्त भयंकर वाटलं. "त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "तो मला बांधून ठेवील. स्वभाव माहीत आहे तुला त्याचा." माझाही स्वभाव त्यांना माहीत होता, पण तेवढं त्यांनी गाळलं. मी कार्ड घेऊन खाली आले. एव्हाना धाकट्याची वेळ होऊन गेली होती आणि त्याचा कुठे पत्ता नव्हता. लवकर येतो म्हणे. मी ते त्याच्या नावावर मांडून ठेवलं आणि बस पकडली.

बसमध्ये आणि नंतर बाकावर बसून मला एकच चित्र दिसत होतं, कठड्यावरून सुटलेला हात. सांगितलं तर बाबांचा खांब गेला. नाही सांगितलं आणि ते पडले, तर? मग गणिताची दुसरी चूक माझ्याच नावावर, आणि या वेळी प्रश्न विचारायलाही कोणी थांबणार नाही. मी स्कोप चालू केला होता आणि हातातला प्रोब, म्हणजे स्कोपची मोजायची सुई, कुठे लावायचा तेच सुचत नव्हतं. दोन स्विच, दोन इशारे. तेच तेच कितीदा बघायचं. कंटाळून, खरं तर हात मोकळा ठेवायचा नाही म्हणून, मी प्रोब मधल्या बिंदूवर टेकवला. इतक्या दिवसांत तो तिथे टेकवला नव्हता. आमच्या खोलीत कोणीच टेकवला नव्हता. आम्ही सगळे दोन स्विचची भांडणं सांभाळत होतो. मधल्याचं काय होतं ते गृहीतच धरलं होतं.

पडद्यावर ते सरळ दिसलं. दोघं बंद झाले की मधला बिंदू थांबून राहत नव्हता. त्याला जोडलेल्या कॉइलमध्ये, तारेच्या वेटोळ्यात, प्रवाह शिल्लक असतो, तो त्याला आपसूक एका तारेकडून दुसऱ्या तारेकडे नेत होता. उतारावरून एखादी रेघ सावकाश खाली यावी तशी. पूर्ण भारावर प्रवाह भरपूर, तेव्हा ती झटकन पोचते आणि तिथे थांबणं खरोखर वाया जातं. हलक्या भारावर प्रवाह अशक्त, रेघ हळू. ती अर्ध्या वाटेवर असतानाच खालचा स्विच दार उघडून तिला खस्सकन ओढून घेत होता. तापत होता तो त्या हिसक्यानं. वेळ मेलेला नव्हताच. जाणं-येणं सगळं त्याच वेळात चाललं होतं. मी पडद्याकडे पाहत राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. कानात बाबांचंच वाक्य होतं, पळापळ होते माझी.

पावटक्के आले. मी दाखवलं. "हलक्या भाराला जास्त वेळ द्यायला हवा," मी म्हटलं. "कंट्रोलरनं भार बघून ठरवायचं."

"म्हणजे वाढवायचा?"

"जिथे लागेल तिथे."

"मॅडम, मी ग्राहकाला कमी करणार म्हणून सांगितलंय. आता वाढवला म्हणून कसं सांगू?"

"पाव टक्का मिळतोय तुमचा, उलट थोडा जास्तच. कसा मिळाला ते त्यांना कशाला हवंय?"

ते विचारात पडले. होकायंत्र त्यांच्याकडे बघत होतं आणि कुठे वळावं हे ठरेना म्हणून थरथरत होतं. "पण भार एकदम बदलला तर?" पावटक्के शेवटी म्हणाले. "वेळ जास्त दिलाय आणि मध्येच काही झालं, तर कोणाच्या अंगावर?" प्रश्न बोर्डाबद्दलचा होता आणि बरोबर होता. मी म्हटलं, "तपासून सांगते." बोर्डासाठी तपासता येतं. हवे तेवढे बोर्ड जाळता येतात.

जेवणाच्या सुट्टीत भावजयीचा फोन. ती नेहमी आधी पोळीभाजीची चौकशी करते, आज केली नाही. "ताई, कोपर बघितलंत ना? मी एक बाई बघितलीय. तुम्ही निघायच्या आधी येईल, हे आल्यावर जाईल. मध्ये एक मिनिटसुद्धा रिकामं राहणार नाही. सोमवारपासून येते म्हणतेय. तुमचं हो ना?"

"तो काय म्हणतो?"

"नको म्हणतात. का, ते सांगत नाहीत. नुसतं नको. तुमचं हो आलं तर मी त्यांना गप्प करते."

म्हणजे माझ्या एका होकारावर आलं होतं. आणि तो नको का म्हणतोय हे मला लगेच कळलं, निदान मला तसं वाटलं: मी हो म्हणेन असा त्याचा अंदाज, म्हणून नको. इतक्या वर्षांत एवढा हिशेब तर जमतोच. बाबांचा शब्द माझ्याकडे होता, डॉक्टरांचा त्याच्या विरुद्ध, आणि बाबांचा सुटलेला हात कोणत्या बाजूला मांडायचा ते मला ठरवता येत नव्हतं. "उद्या सांगते," मी म्हटलं. "उद्या नक्की हं," भावजय म्हणाली, "बाईला दुसरीकडून बोलावणं आहे." संध्याकाळी बाबांनी काही विचारलं नाही. मी वाढलं तेवढं त्यांनी सगळं संपवलं. ती लाच होती. दुकानदार द्यायचे ती त्यांनी कधी घेतली नाही, पण द्यायची कशी ते बघून ठेवलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर निघाले, पूर्वीसारखी. "जाते," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "ये." पण मी स्टॉपवर गेले नाही. रस्ता ओलांडला आणि किल्लीवाल्याच्या टपरीमागे जाऊन उभं राहायचं ठरवलं. तिथून आमच्या इमारतीचं दार दिसतं आणि खांबही दिसतो. एकदा बघायचं, किती तोल जातो, किती वेळ लागतो, मग हो की नाही ते सांगायचं. एवढं तरी माझ्या शिक्षणात बसणारं होतं. टपरीला वळसा घातला, आणि तिथे धाकटा उभा होता.

दातांची पेटी पायाशी, पाठ टपरीच्या पत्र्याला, डोळे आमच्या दारावर. किल्लीवाला कानस घासत होता आणि त्यानं आम्हा दोघांकडे असं पाहिलं, की धाकट्याचं तिथे उभं राहणं त्याच्या रोजच्या सामानापैकीच असावं. धाकट्यानं मला पाहिलं. त्याच्या कानशिलांवर पांढरं आलं आहे हे मला माहीत नव्हतं. मी परत वळायला हवं होतं, आमच्या नियमाप्रमाणे, किंवा त्यानं. दोघांपैकी कोणी हललं नाही. मग मला हळूहळू उमगायला लागलं, पण नीट नाही, उलट्या बाजूनं कापड बघावं तसं. रोजचा त्याचा उशीर. कोणालाही न सांगितलेला नकार. तो बाबांच्या अर्ध्या तासाला हात न लावता इथे उभा राहत होता. कमी जो होत होता तो माझ्या बाजूनं. मी त्याच्या नावावर इतके दिवस जे जे मांडलं ते सगळं कोणाच्या नावावर होतं?

"काल तू मध्येच परत आलीस," तो म्हणाला. दाराकडेच बघत. "खांबापाशी होते ते. तू आत शिरताना त्यांना दिसलीस. धावले."

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय."

मला विचारायचं होतं, पडले असते तर? तू काय करणार होतास इथून? मधे एवढा रस्ता. वाहनं. तू पळत गेला असतास तरी पोचला नसतास. विचारायचं होतं, हे कोणतं गणित आहे तुझं, आणि कोणत्या वर्गात शिकलास. पण दार उघडलं. बाबा बाहेर आले. आधी काठी, मग उजवा बूट, मग बराच वेळ काहीच नाही, मग डावा. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. आज घाई नव्हती. केस विंचरले होते. चालायला लागले तेव्हा माझा पाय आपोआप पुढे पडला आणि धाकट्यानं माझ्याकडे न बघता माझी पिशवी मागून धरली.

"हलू नकोस," तो म्हणाला. "बघतील."

"डगमगतायत."

"तिथे डगमगतातच. फरशी उचललीय ती. पुढे ठीक आहे."

पुढे ठीक होतं. नंतर एका ठिकाणी ते बराच वेळ उभे राहिले. धाकट्याची पकड पिशवीच्या बंदावर घट्ट झाली. म्हणजे ही जागा त्यालाही नवीन होती. फोन वाजला. भावजय. मी बंद केला नाही, उचललाही नाही. तो वाजत राहिला, आणि मग धाकट्याच्या खिशातला वाजायला लागला, तोही त्यानं वाजू दिला. किल्लीवाल्यानं कानस थांबवून वर पाहिलं आणि पुन्हा घासायला सुरुवात केली. बाबा हलले. एक पाऊल, आणखी एक. मग हात लांब करून त्यांनी खांबाला तळवा टेकला आणि तसेच उभे राहिले, दम खात, पाठ आमच्याकडे करून.

"आता वळतील," धाकटा म्हणाला. "खाली बस."

आम्ही दोघं टपरीमागे खाली बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. आम्ही बोललो, की बोललो नाही, हे मला ठरवता येईना.